नैराश्याचे निदान रक्ताच्या तपासणीवरून होते का?

"डॉक्टर, सगळ्या तपासण्या करून झाल्या. सगळं नॉर्मल आहे. मग हिला झालंय तरी काय?"

मनोविकारतज्ज्ञाच्या ओपीडीत हे वाक्य वारंवार ऐकू येते. बोलणारा कधी नवरा असतो, कधी वडील, कधी सासूबाई. टेबलावर जाडजूड फाईल येते. त्यात 'फुल बॉडी चेकअप'चे रिपोर्ट, ईसीजी, सोनोग्राफी, कधी कधी मेंदूचा एमआरआयसुद्धा असतो. जिच्यासाठी हे सगळे केले ती शेजारी खाली मान घालून बसलेली असते. घरच्यांच्या प्रश्नात काळजी असते. तिला मात्र त्यातून वेगळेच ऐकू येते. रिपोर्टमध्ये काही निघाले नाही, म्हणजे मी नाटक करते असे यांना वाटते.

हा लेख त्या फाईलविषयी आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. एखाद्या माणसाला नैराश्य आहे की नाही हे ठरवणारी, रोजच्या वापरासाठी मान्य झालेली रक्ताची तपासणी आज उपलब्ध नाही. त्यामुळे सगळे रिपोर्ट नॉर्मल असणे आणि तीव्र नैराश्य असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरीही डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, आणि ते योग्यच असते. पण ते कशासाठी, हे नीट समजून घेतले नाही तर नॉर्मल रिपोर्टमुळे पेशंटवर अन्याय होतो, आणि बिघडलेल्या रिपोर्टमुळे कधी कधी चुकीचा दिलासा मिळतो.

साखर मोजता येते, मग उदासी का नाही?

शरीरातल्या आजाराची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. मधुमेहात उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर निदान पक्के होते. कारण साखर वाढणे हाच तो आजार आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू दुखावतो, त्याच्या पेशींमधले ट्रोपोनिन रक्तात उतरते आणि लॅबला ते सापडते. दोन्ही ठिकाणी बिघाड आणि खूण यांचे नाते सरळ आहे.

नैराश्यात असे सरळ नाते सापडलेले नाही. एक तर मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक संरक्षक पडदा असतो. मेंदूत जे चालले आहे ते सगळे रक्तात उतरत नाही, आणि रक्तात जे दिसते ते मेंदूतूनच आले असेही नसते.

सेरोटोनिनचे उदाहरण घ्या. 'सेरोटोनिन कमी झाले की डिप्रेशन येते' हे वाक्य इतके पसरले आहे की पेशंट 'माझे सेरोटोनिन तपासून बघा' म्हणतात. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. रक्तातले बहुतेक सेरोटोनिन प्लेटलेट्समध्ये साठवलेले असते आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. गंमत अशी की, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या सुरू केल्यावर प्लेटलेट्सना सेरोटोनिन उचलता येत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी उलट खाली येते. आणि त्याच काळात माणूस बरा होत असतो. म्हणजे रक्तातले सेरोटोनिन मोजून मनाविषयी काहीच कळत नाही.

२०२२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी सेरोटोनिनवरच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते याला ठोस पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. ती बातमी वाचून काहींनी गोळ्या एकदम बंद केल्या. हे करू नका. कारण कसे घडते हा एक प्रश्न, आणि औषध उपयोगी पडते का हा दुसरा. ताप नेमका कशाने आला हे कळण्याआधीही पॅरासिटामॉलने तो उतरतो. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात ५२२ चाचण्या आणि २१ औषधे एकत्र तपासली होती. मोठ्या माणसांच्या तीव्र नैराश्यात ही सगळी औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. फरक प्रचंड नव्हता, पण होता.

एकच नाव, २२७ चेहरे

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. निदानाच्या प्रचलित निकषांत नऊ लक्षणे आहेत: सतत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण नालायक आहोत किंवा सगळे माझ्यामुळेच झाले असे वाटणे, लक्ष न लागणे, आणि मृत्यूचे किंवा आत्महत्येचे विचार. यांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्या पाचांत पहिल्या दोनपैकी एक तरी हवे.

याचा हिशेब मांडला तर निकष पूर्ण करण्याचे २२७ वेगवेगळे मार्ग निघतात. एका माणसाला झोप येत नाही, तो जेवत नाही, सारखा अस्वस्थ असतो. दुसरी बारा-बारा तास झोपते, खूप खाते, तिच्या अंगात त्राण नसते. निदान दोघांचे एकच. या दोघांच्या रक्तात एकच खूण सापडेल अशी अपेक्षा करणे म्हणजे 'ताप' या एका शब्दाखाली मलेरिया, डेंग्यू आणि टायफॉईड घालून तिन्हींसाठी एकच टेस्ट मागण्यासारखे आहे.

मला स्वतःला वाटते की, पुढेमागे नैराश्याचे असेच तुकडे पडतील आणि त्यातल्या एखाद्या तुकड्याला रक्तातली खूण सापडेलही. पण आज तिथे पोहोचलेलो नाही.

एकदा वाटले होते, टेस्ट सापडली

१९८१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या एका प्रकारासाठी, मेलँकोलियासाठी, प्रयोगशाळेतली चाचणी जाहीर केली. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसोल मोजायचे. कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी वाढणारे हार्मोन. निरोगी माणसात ही गोळी घेतल्यावर ते दबून जाते. मेलँकोलियाच्या बऱ्याच पेशंटमध्ये दबत नाही. त्यांच्या आकड्यांनुसार चाचणी १०० पैकी ६७ पेशंट पकडत होती आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९६ जणांना बरोबर सोडत होती.

तेव्हाच्या मनोविकारतज्ज्ञांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा. बाकी सगळ्या विभागांकडे एक्स-रे आणि रिपोर्ट. यांच्याकडे फक्त गप्पा. चाचणी झपाट्याने पसरली. मग इतर ठिकाणचे आकडे येऊ लागले. डिमेन्शियाच्या पेशंटमध्येही चाचणी पॉझिटिव्ह येत होती, दारू सोडणाऱ्यांत येत होती, वजन झपाट्याने उतरलेल्यांत येत होती, दुसऱ्याच एखाद्या आजाराने दवाखान्यात पडलेल्यांतही येत होती. आणि नैराश्याच्या कितीतरी पेशंटमध्ये ती निगेटिव्ह होती. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या गटाने नेहमीच्या निदानासाठी तिचा उपयोग मर्यादित असल्याचे सांगितले. आज ही चाचणी कुशिंग सिंड्रोम या हार्मोनच्या आजारासाठी वापरली जाते. तुमच्या कागदावर तिचे नाव दिसले तर बहुधा एंडोक्रिनॉलॉजिस्टने लिहिलेले असेल.

हा जुना किस्सा सांगायचे कारण असे की, त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक नव्या चाचणीची वाट अशीच गेली आहे.

दाहाची खूण: सीआरपी

सध्या सगळ्यांत जास्त अभ्यास दाहावर चालू आहे. दाह म्हणजे जखम किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराची जी लढाई सुरू होते ती. सीआरपी नावाचे प्रथिन या लढाईत वाढते. नैराश्याच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये ते ३ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त सापडते.

दाह आणि मन यांचा संबंध खरा आहे, याचा मोठा पुरावा एका औषधातून मिळाला. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. हे औषध शरीरातली प्रतिकाराची यंत्रणा चेतवते. ती घेणाऱ्यांपैकी साधारण चारात एकाला उपचार चालू असतानाच नैराश्य आले. त्याआधी धडधाकट मनाची असलेली माणसेसुद्धा त्यात होती. आता त्या आजारावर नव्या गोळ्या आल्या आहेत, पण या अनुभवाने डॉक्टरांना खूप शिकवले.

मग दाह कमी करणारे औषध देऊन नैराश्य बरे होईल का? २०१३ मध्ये अमेरिकेत ६० पेशंटवर हे करून पाहिले. नेहमीच्या उपचारांनी फरक न पडलेल्या या पेशंटपैकी निम्म्यांना सांध्यांच्या आजारात वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब दिले, निम्म्यांना औषध नसलेले द्रावण. एकूण गटात फरक दिसला नाही. मात्र ज्यांचे सीआरपी सुरुवातीलाच ५ च्या वर होते त्यांना औषधाचा जास्त फायदा झाल्याचे दिसले, आणि ज्यांचे कमी होते ते औषधाशिवायच्या गटात जास्त सुधारले. म्हणजे सीआरपी कदाचित 'कोणाला कोणता उपचार' हे सांगण्यात उपयोगी पडेल. 'आजार आहे की नाही' हे ते सांगत नाही. चारांतल्या तिघांचे तर ते वाढलेलेच नसते. आणि साध्या सर्दीने, दाढेच्या गळूने, पोटाच्या घेरामुळे, सिगारेटमुळेही ते वाढते. म्हणून सीआरपी जास्त आले म्हणून डिप्रेशनची धास्ती घेऊ नका, आणि नॉर्मल आले म्हणून निर्धास्तही राहू नका.

बीडीएनएफ हे आणखी एक नाव तुमच्या वाचनात येईल. मेंदूच्या पेशींची वाढ आणि जोडणी टिकवणारे हे प्रथिन नैराश्यात सरासरीने कमी असते. पण स्किझोफ्रेनियातही ते कमी सापडते. सरासरीत फरक असणे आणि एका माणसाचे निदान करता येणे यात खूप अंतर आहे. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते. म्हणून केवळ उंची मोजून समोरचा माणूस स्त्री आहे की पुरुष हे कुणी ठरवत नाही.

'९१ टक्के अचूक' म्हणजे किती?

एका घटकाने भागत नाही तर अनेक घटक एकत्र मोजू, हा पुढचा विचार. २०१३ मध्ये अमेरिकेत कॉर्टिसोल, बीडीएनएफ, प्रोलॅक्टिन अशा नऊ घटकांची एकत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ९१ जणांना ती ओळखत होती आणि नसलेल्या १०० पैकी सुमारे ८१ जणांना मोकळे सोडत होती. हे आकडे ऐकून कुणालाही वाटेल, मग अडले कुठे?

हिशेब करून पाहू. समजा एका गावात १००० लोकांची ही चाचणी केली आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. त्या ५० पैकी साधारण ४६ जण पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १९ टक्के, म्हणजे साधारण १८० जणसुद्धा पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह २२६. त्यातला खरा पेशंट पाचातला एक. बाकीच्या चौघांच्या हाती 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असा कागद पडेल, आणि तो कागद लग्नाच्या बोलणीत, नोकरीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुठे कुठे फिरेल ते वेगळेच.

शिवाय तो अभ्यास लहान होता आणि त्यात एकीकडे पेशंट, दुसरीकडे निरोगी माणसे अशी तुलना होती. ओपीडीत प्रश्न तसा येत नाही. तिथे समोर बसलेल्या थकलेल्या बाईला नैराश्य आहे, थायरॉईड आहे, रक्त कमी आहे, की तिन्ही आहे, हे ठरवायचे असते.

जाहिरातीत 'इतके टक्के अचूक' असे दिसले की म्हणून दोन गोष्टी विचारा: कोणाशी तुलना करून हा आकडा आला, आणि दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तो पडताळला आहे का?

जनुकांचेही तसेच. २०२५ च्या सुरुवातीला २९ देशांतल्या ५० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. त्यात नैराश्याशी संबंधित जवळजवळ ७०० जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा वाटा अगदी चिमूटभर. 'आईला होतं, म्हणून मुलीला होणारच' असे कुठलीही जनुकीय तपासणी सांगू शकत नाही.

मग डॉक्टर रक्त का घेतात?

नैराश्य शोधायला नव्हे. नैराश्यासारखे दिसणारे, किंवा नैराश्यात भर घालणारे दुसरे काही आहे का हे बघायला, आणि औषध सुरक्षितपणे देता यावे म्हणून.

थायरॉईड सगळ्यांत आधी. थायरॉईड मंदावला की माणूस सुस्तावतो, वजन वाढते, विसरायला होते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतो, कशातच उत्साह राहत नाही. हे चित्र नैराश्याच्या इतके जवळचे आहे की टीएसएच तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर नक्कीच, कारण त्या काळात थायरॉईडला सूज येऊ शकते आणि नैराश्यही येऊ शकते. घरचे मात्र दोन्हीला 'बाळंतिणीचा अशक्तपणा' म्हणतात. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो.

टीएसएच थोडेसेच वाढलेले असेल, तर 'थायरॉईडच निघाला, आता मानसिक काही नाही' असे म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तो निःश्वास मला नेहमी धोक्याचा वाटतो. किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी गोळी घेऊन मनाची लक्षणे बरी होतीलच असे नाही. थायरॉईडची गोळी चालू करा, पण नैराश्याचा उपचार त्यासाठी तीन-तीन महिने थांबवून ठेवू नका.

हिमोग्लोबिनचे सांगायला नको. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईला ७-८ हिमोग्लोबिनवर थकवा येणारच.

बी-१२ आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागातले मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी सापडले. पूर्ण शाकाहारी माणसे, वयस्कर माणसे, मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे, या सगळ्यांत ते कमी असू शकते. बी-१२ कमी झाल्याने हातापायांना मुंग्या, जीभ सोलवटणे, विसरभोळेपणा, चिडचिड आणि उदासीही येऊ शकते. रक्त देण्याआधी बी-१२ चे इंजेक्शन घेऊ नका. नंतरचा रिपोर्ट भरभरून येतो आणि काहीच समजत नाही.

व्हिटॅमिन डी कमी निघणे आपल्याकडे इतके सर्रास आहे की जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये तो आकडा लाल असतो. कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढावे. पण त्यावर मनाची भिस्त ठेवू नका. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,००० हून अधिक लोकांना सरासरी पाच वर्षे रोज व्हिटॅमिन डी किंवा नुसती गोळी दिली; नैराश्य टाळण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

याशिवाय साखर, किडनी, लिव्हर, सोडियम, कॅल्शियम हे वय आणि लक्षणे बघून ठरते. काही जणांत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही लागते. ती लिहून दिली म्हणजे डॉक्टरांनी चारित्र्यावर संशय घेतला असे समजू नये. हे आजार मेंदूवर परिणाम करतात, एवढेच कारण. आणि रक्ताइतकीच महत्त्वाची असते घरातल्या औषधांची पिशवी. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी चालू असलेले स्टेरॉईड, झोपेच्या गोळ्या, कुणी दिलेली नाव नसलेली पुडी, सगळे घेऊन या.

उपचार सुरू झाल्यावरही काही वेळा रक्त लागते. साठीपुढच्या माणसांत नैराश्याच्या काही गोळ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत सोडियम उतरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. आजोबा अचानक गोंधळले, तोल जाऊ लागला, सारखे पेंगू लागले, तर 'औषध चढलंय' म्हणून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लिथियम चालू असेल तर त्याची पातळी नियमित बघावीच लागते. त्यासाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचे, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी, पण सकाळची गोळी घेण्याआधी.

'तुम्हाला कोणते औषध लागू पडेल' हे सांगणारी जनुकीय तपासणीही आता विकली जाते. यकृतातली काही एन्झाइम्स तुमच्यात वेगाने काम करतात की हळू, हे तिच्यातून कळते, आणि काही औषधांच्या डोससाठी त्याचा उपयोग होतो. पण अमुक गोळीने तुम्ही बरे व्हाल, असे ती सांगत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्येच अशा दाव्यांबद्दल सावध केले होते. तीन-चार औषधे सोसली नाहीत अशा पेशंटसाठी डॉक्टरांशी बोलून विचार करावा. पहिल्या भेटीला ती करून आणण्याची गरज नाही.

एक प्रश्न जो रक्तापेक्षा महत्त्वाचा आहे

पूर्वी कधी याच्या उलट झाले होते का? म्हणजे काही दिवस झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणे वेगात, डोक्यात मोठमोठे बेत, वारेमाप खर्च, उगाच भांडणे. असे असेल तर आजार साधे नैराश्य नसून बायपोलर असू शकतो, आणि मग नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. हा फरक ओळखण्यासाठी केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बोटातून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी मांडली. नैराश्याचे निदान झालेल्या पण प्रत्यक्षात बायपोलर असलेल्या पेशंटपैकी ३० टक्क्यांपर्यंत पेशंट ती एकटी ओळखू शकत होती. प्रश्नावलीची जोड दिल्यावर निकाल सुधारत होता. सध्याच्या संशोधनात मला ही दिशा सगळ्यांत आशादायक वाटते, कारण तिने प्रश्न नेमका विचारला आहे. पण ती अजून तुमच्या लॅबमध्ये आलेली नाही. तोवर हे फक्त घरच्यांना विचारून कळते. पेशंटला उदास असताना ते चांगले दिवस आठवत नाहीत, किंवा तेव्हाच आपण खरे बरे होतो असे वाटते. बायको, आई, भाऊ यांना आठवते.

निदान बोलण्यातून होते

बोलणे हे लॅबपेक्षा कमी दर्जाचे आहे असे समजू नका. आणि ते अचूकच असते असेही मी म्हणणार नाही. नव्या निकषांची अमेरिकेत चाचणी घेतली तेव्हा, एकाच पेशंटला दोन डॉक्टरांनी वेगवेगळे तपासल्यावर नैराश्याच्या निदानातले एकमत शून्य ते एक या मापावर फक्त ०.२८ भरले. आणि रक्ताची प्रत्येक नवी चाचणी पडताळायची ती अशाच मुलाखतीतून झालेल्या निदानाशी. मोजपट्टीच थोडी सैल असेल तर तिने मोजलेले काटेकोर कसे येणार? म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर 'आणखी एकदा भेटू' म्हणाले तर त्याला टाळाटाळ समजू नये.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी तुम्हाला भरायला देतील. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या पुढे आकडा गेला तर नीट तपासणी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. पण दर दोन-चार आठवड्यांनी तीच यादी भरली तर उपचाराने फरक पडतो आहे का हे छान दिसते. सध्या नैराश्यात मधुमेहाच्या साखरेसारखे पाठपुरावा करता येणारे काही असेल तर ते हेच, आणि त्याला सुई लागत नाही.

आपल्याकडे पुष्कळ जण मनाचे बोलतच नाहीत. डोके जड, छातीत धडधड, अंग ठणकते, अन्नावर वासना नाही, असे सांगतात. ते खोटे नसते. नैराश्य असे अंगातूनही बोलते. त्यामुळे तपासण्यांची फेरी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात चालू राहते. आवश्यक तपासण्या एकदा झाल्या, त्यात काही निघाले नाही, की त्याच पुन्हा वेगळ्या लॅबमधून करून काही हाती लागत नाही. महाग पॅकेजचे पैसे पुढच्या चार भेटींसाठी राखून ठेवा.

घरच्यांना एक विनंती. रिपोर्ट हाती आल्यावर 'बघ, काही नाहीये तुला' असे म्हणू नका. 'थायरॉईड नाही, रक्त कमी नाही, हे बरं झालं. आता तुला जे होतंय त्याचा उपाय बघू' असे म्हणा. दोन्हींतली माहिती एकच आहे, पण पहिले वाक्य ऐकून माणूस बोलणे बंद करतो.

काही वेळा रिपोर्टची वाट बघायची नसते. मरणाचे बोलणे, 'माझ्यामागे तुमचं बरं होईल' अशी भाषा, निरवानिरव केल्यासारखे वागणे, औषधे किंवा कीटकनाशक जमवून ठेवणे, खाणेपिणे बंद होणे, नसलेले आवाज ऐकू येणे, बाळाला इजा होईल असे विचार बाळंतिणीने सांगणे, यांपैकी काहीही दिसले तर माणसाला एकटे सोडू नका, औषधे आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात न्या. 'मरणाचे विचार येतात का' असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारले याचे हायसे वाटते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. पेशंट बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी फोन करून काय करावे हे विचारले तरी चालते.

पहिल्या भेटीला येताना झालेल्या तपासण्यांचे कागद आणा, चालू औषधे आणा, आणि शक्यतो अशा एका माणसाला सोबत आणा ज्याने पेशंटला गेल्या वर्षभर जवळून पाहिले आहे. एका कागदावर लिहून ठेवा: झोप कधीपासून बिघडली, शेवटचे मनापासून हसणे कधीचे आठवते, घरात याआधी कुणाला असा त्रास होता का, दारू किती, पाळी किंवा बाळंतपणाशी काही संबंध दिसतो का. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.